पाऊण किलो

मुक्तारभाईनं दोन्ही कॅमेरे काचेवर ठेवले
तेव्हा मी आधी वजन विचारलं, किंमत मागून.
सेलूच्या जिनिंगमध्ये अकरा हंगाम
काट्यावर बसलेल्या बाईला
दुसरं काय सुचणार?

हा रुपेरी, कॉम्पॅक्ट, दीडशे ग्रॅम,
पर्सच्या चोरकप्प्यात जाईल असा.
तो काळा, डीएसएलआर, लेन्ससकट पाऊण किलो,
वर पट्टा, पिशवी, चार्जर
आणि वर्षभराचे हप्ते.
(हप्ते काट्यावर दिसत नाहीत.)
दोन्ही वापरलेले, दोन्ही चालू.

मुक्तारभाई सरळ माणूस.
परभणीतली निम्मी लग्नं काढून काढून
उजवा डोळा कायमचा बारीक झालेला.
म्हणाला, "ताई, ऑर्डरी घ्यायच्या नसतील तर लहानच न्या.
मोठ्याची एक लेन्स घेतली की ती दुसरी मागते.
आन् तुमच्या जिनिंगमधी उडायलाय कापूस.
एक तंतू आत गेला की झालं."
मग म्हणाला, "दोन दिवस दोन्ही न्या. ओळखीवर."

पहिल्या दिवशी लहान.
कुणाला कळलंच नाही.
कवडी वेचणाऱ्या बाया, पाठी वाकलेल्या,
भुवयांवर पांढरी पुटं,
गंगासागरचा हात ढिगात कोपरापर्यंत,
प्रयागबाई काहीतरी ओरडताना, तोंड उघडं.
रात्री एकेक करून पाहिले.
सगळे चांगले आलेले.
सगळ्यांच्या माना खाली.

दुसऱ्या दिवशी काळा गळ्यात अडकवून गेले.
प्रयागबाईनं लांबूनच पाहिलं.
"थांब गं. आशी नको काढू."
तोंडावरचं फडकं सोडलं,
नळावर गेली,
ओल्या हातानं केस बसवले,
पदर झटकला, तर हवेत एवढा कापूस
की क्षणभर तीच दिसेना.

मुकादम आला. "काय चालवलंय?"
आणि त्यानंच खिशातून कंगवा काढला.

ती काट्याजवळच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.
हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना,
मला सांगता येईना.
"त्या आधारवाल्यागत नुसतं तोंड नको काढू.
सगळी काढ. पाय बी येऊ दे.
चपला नव्या हायत."

खट् झालं
तेव्हा तिनं श्वास सोडला.
"लागला?"
काल एकोणीस वेळा काढला होता तिला.
एकदाही विचारलं नव्हतं तिनं.
विचारणार कशी?

मी कुठंतरी वाचलेलं,
माणूस बेसावध असला की खरा दिसतो.
असेल.
पण अकरा हंगाम मी तिला बेसावधच पाहत आलेय,
काट्याच्या खिडकीतून,
आणि वहीत लिहीत आलेय
तिच्या डोक्यावरच्या गाठोड्याचं वजन.

फोटो बिघडला, तेही सांगून टाकते.
मला तो कॅमेरा येतच नव्हता.
मागची 'विडी ओढू नये' ही पाटी स्वच्छ, अक्षर न् अक्षर,
आणि प्रयागबाई जरा धुरकट.
चपला मात्र आल्यात.
तिनं मागच्या छोट्या पडद्यावर पाहिलं,
डोळे बारीक करून, मुक्तारभाईसारखे,
म्हणाली, "उद्या परत काढ. उद्या मी हिरवं नेसून येते."

उद्या म्हणजे
कॅमेरे परत द्यायचा दिवस.

लहान परत दिला.
मुक्तारभाई हसला, "घेतल्या का मग ऑर्डरी?"
म्हटलं, एकच आहे. पैसे देणार नाही ती.
त्यानं हप्त्याचा कागद पुढं सरकवला
आणि पट्टा दोन बोटं आखूड करून दिला.

संध्याकाळच्या पॅसेंजरला बसायला जागा नव्हती.
पाऊण किलो म्हणजे तसं काहीच नाही,
आमच्याकडं क्विंटलच्या खाली कुणी बोलत नाही.
तरी मानवत रोड येईतो मान भरून आली.

पिशवीत ठेवता आला असता.